आगगाडीच्या खेळण्यातील निकामी घट : पुनरुज्जीवन की बदल?

प्राथमिक शाळेत शैक्षणिक साधनांचे महत्त्व आता सर्वमान्य आहे. तथापि साधन मिळविण्यापेक्षा ते चालू स्थितीत राखणे अधिक कठीण असते, असा पुष्कळ शाळांचा अनुभव आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहिमेतून आणि पुढे ग्रामस्थांच्या व पालकांच्या देणग्यांतून शाळांकडे नाना प्रकारची साधने आली. त्यांपैकी जी विजेवर चालणारी होती, त्यांतील कित्येक आज कपाटात कुलूपबंद पडलेली आढळतात. चौकशी केली असता ‘ते बिघडले आहे’ एवढेच उत्तर मिळते. नेमके काय बिघडले, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

प्रस्तुत लेखात अशा एका साधनाचा विचार करावयाचा आहे. ते साधन म्हणजे पोटात पुनर्भरणीय घट बाळगणारे आगगाडीचे लहान इंजिन होय. करंजाडे व परिसरातील मुलांना आगगाडी परकी नाही. जवळच्या पनवेल जंक्शनात मुंबईकडील लोकलगाड्या येतात. दिवा, कर्जत व कोकण या दिशांनी मार्ग फुटतात. मुलांच्या डोळ्यांपुढे रोज खरी इंजिने धावत असता, वर्गातील छोटे इंजिन त्या खऱ्या यंत्राचे मर्म समजावून सांगण्यास फार उपयोगी पडते. ते केवळ दोन-चार घटांपायी अडगळीत जाऊ देणे हे शाळेचे नुकसान होय. उलटपक्षी, घट कसले आहेत हे न पाहता त्यांत बळेच वीज भरू जाणे, किंवा ते उकिरड्यावर टाकून मोकळे होणे, यांत मुलांच्या जीवास व गावाच्या पाण्यास धोका आहे. यास्तव या विषयाची नीट माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

घट व त्याचे प्रकार

बाजारात ज्यास आपण ‘सेल’ म्हणतो तो एक घट होय. असे अनेक घट जोडले म्हणजे घटमाला, अर्थात बॅटरी, तयार होते. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १८०० साली पहिली घटमाला जगापुढे मांडली. तिच्यातील वीज एकदा संपली की ती पुन्हा भरता येत नसे. अशाच एकदा वापरावयाच्या घटांवर स्कॉटलंडमधील रॉबर्ट डेव्हिडसन याने आगगाडीचे इंजिन बनविले व १८४२ साली एडिंबरो-ग्लासगो मार्गावर ते चालवून दाखविले. ते चालले, पण माणसाच्या चालीहून फार वेगाने नव्हे. शिवाय घटांतील जस्त झिजून जात असल्याने त्याचा खर्च कोळशाच्या मानाने परवडण्याजोगा नव्हता. रिता झालेला घट पुन्हा भरता आला पाहिजे, ही गरज तेव्हापासूनची आहे.

ती गरज फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या घटाने प्रथम भागविली. त्यानंतर स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर याने १८९९ साली निकेल व कॅडमियम या धातूंचा घट शोधून काढला. १९९० च्या सुमारास कॅडमियमच्या जागी हायड्राइड वापरणारे घट बाजारात आले आणि १९९१ पासून लिथियम-आयन घटांचा प्रसार सुरू झाला. आपल्या शाळांतील जुन्या खेळण्यांत बहुधा निकेल-कॅडमियमचे, मधल्या काळातील खेळण्यांत निकेल-हायड्राइडचे व अलीकडील खेळण्यांत लिथियमचे घट असतात. घटावरील छापील मजकूर वाचला की प्रकार ओळखता येतो. दोन्ही निकेल घटांवर १.२ व्होल्ट, तर लिथियम घटावर बहुधा ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असे लिहिलेले असते. हे वाचल्यावाचून पुढील कोणतीही कृती करू नये. कारण जो उपाय निकेल घटास हितकर तोच लिथियम घटास घातक ठरतो.

घट निकामी का होतो?

येथे एक भेद प्रथम मनावर ठसविला पाहिजे. रिता घट वेगळा आणि मेलेला घट वेगळा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोहोंवर इंजिन हलत नाही. म्हणूनच चांगले घट फेकले जातात व वाईट घटांवर श्रम वाया जातात.

निकेल घट नुसता ठेवला तरी हळूहळू रिता होत जातो. साध्या निकेल-हायड्राइड घटातील वीज पहिल्या एका महिन्यातच पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक कमी होऊ शकते. उन्हाळ्याची सुटी, मग पावसाळ्यातील गडबड, असे सहा महिने कपाटात गेले की घट पूर्ण रिता होतो. परंतु तेवढ्यावरून तो मेला असे म्हणता येत नाही. विशेषतः निकेल-कॅडमियमचा घट पुष्कळ काळ रिता राहूनही पुन्हा जागा होऊ शकतो.

घट खरोखर मरण्याची कारणे निराळी आहेत. पहिले कारण असे की, कॅडमियमचे अतिसूक्ष्म तंतू वाढून ते आतील पडद्यास भेदतात व दोन्ही अग्रे आतल्या आत जोडली जातात. मग कितीही वीज भरली तरी ती टिकत नाही. दुसरे, फार भरल्याने किंवा उष्णतेने आतील द्रव आटतो. तिसरे, घटाचे बूच सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो. चौथे कारण घटमालेत एकाच्या दुबळेपणामुळे घडते, व ते विद्यार्थ्यांसही समजण्याजोगे आहे.

चार मजूर रांगेत उभे राहून मातीची घमेली हातोहात पुढे देत आहेत, अशी कल्पना करा. त्यांतील एक थकला तर उरलेले तिघे ताजेतवाने असूनही रांग अडते. इतक्यावर न थांबता तिघांनी घमेली त्याच्या अंगावर लोटीतच राहिले तर तो खाली बसेल. मालेतील घटांचे असेच होते. सर्वांत दुबळा घट आधी रिता होतो. पण इतर तीन त्याच्यामधून प्रवाह ढकलीतच राहतात व त्याची अग्रे उलटी होऊ लागतात. यालाच घट उलटणे म्हणतात. इंजिन मंद होऊन थांबेपर्यंत मुले कळ दाबून ठेवतात, तेव्हा एका घटाची ही हानी होत असते. म्हणून इंजिनाची गती उतरू लागताच ते थांबविण्याची सवय मुलांस लावावी.

प्रथम दोष कोठे आहे ते पहावे

घटांना हात घालण्यापूर्वी इंजिनाचा चालक यंत्रभाग, म्हणजे मोटर, ठीक आहे की नाही हे ठरवावे. समजा, इंजिनात १.२ व्होल्टचे चार घट आहेत. त्यांचा एकूण दाब ४.८ व्होल्ट होतो. बाजारातील साध्या कोरड्या घटाचा दाब १.५ व्होल्ट असतो. असे तीन ताजे घट एका धारकात बसविल्यास ४.५ व्होल्ट मिळतात. जुने घट अलग करून या तीन घटांच्या तारा इंजिनाच्या दोन तारांस क्षणभर जोडाव्या. चाके फिरली तर मोटर शाबूत आहे व दोष घटांत आहे असे समजावे. न फिरल्यास कळ, तुटलेली तार, गंजलेल्या पट्ट्या, किंवा आसाभोवती गुंडाळलेले केस व दोरे यांची तपासणी करावी. कोकणातील दमट हवेत पट्ट्यांवर गंज चढणे ही नित्याची गोष्ट आहे. कित्येकदा बारीक पॉलिश कागदाने पट्टी घासणे एवढाच काय तो उपाय असतो.

घटांच्या टोकाशी पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसल्यास आतील द्रव झिरपला आहे असे जाणावे. निकेल घटांतील हा द्रव तीव्र अल्कली असून तो त्वचेस व डोळ्यांस भाजतो. ही सफाई मुलांकडून मुळीच करवून घेऊ नये. शिक्षकाने रबरी हातमोजे व चष्मा घालून, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात कापसाचा बोळा भिजवून पट्ट्या पुसाव्या, नंतर ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवाव्या. द्रव हातास लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धूत राहावे व तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. झिरपलेला घट पुनरुज्जीवनास अयोग्य समजून बाजूस काढावा.

निकेल घटांची परीक्षा व पुनरुज्जीवन

यासाठी दोन साधने लागतात : एक साधा मल्टिमीटर व मंद गतीने वीज भरणारा चार्जर. पुनरुज्जीवनाचा क्रम येणेप्रमाणे असावा.

१. प्रत्येक घटास क्रमांक द्यावा व त्याचा दाब निरनिराळा मोजून वहीत लिहावा. या वेळी काटा शून्यावर राहिला तरी घाबरू नये. हा निकाल नव्हे, केवळ आरंभीची नोंद होय.

२. घटावर त्याची धारणशक्ती मिलीअँपिअर-तासांत लिहिलेली असते. तिच्या दशांश इतक्या प्रवाहाने सुमारे १४ ते १६ तास घट भरावा. उदाहरणार्थ, ७०० मिलीअँपिअर-तासांच्या घटास ७० मिलीअँपिअरचा प्रवाह द्यावा. दहा तासांत हिशेब पुरा व्हावयास पाहिजे, मग १४ तास का, असा प्रश्न कोणी हुशार विद्यार्थी विचारील. दिलेली सर्व वीज साठविली जात नाही, काही भाग उष्णतेत जातो, हे त्याचे उत्तर. ओल्या मातीच्या रांजणात पाणी भरताना काही पाणी रांजणच पितो, तसे हे आहे.

३. पहिल्या एका तासानंतर पुन्हा मोजणी करावी. ज्याचा दाब चढू लागला तो केवळ रिता होता. जो अद्याप शून्याशीच आहे त्याची अग्रे आतून जोडली गेलेली असून तो मेलेला आहे. काही नव्या धर्तीचे स्वयंचलित चार्जर शून्य दाबाचा घट ओळखीतच नाहीत व भरण्याचे नाकारतात. अशा वेळी साधा मंद चार्जर अधिक उपयोगी पडतो.

४. भरताना घट कोमट होणे स्वाभाविक आहे. हातास चटका बसेल इतका तापला तर तत्काळ बंद करावा. हे काम शाळा सुटल्यावर कुलपाआड चालू ठेवून जाऊ नये. सकाळी आरंभ करावा, सायंकाळी थांबवावा व राहिलेले तास दुसऱ्या दिवशी पुरे करावे.

५. भरून झाल्यावर घट एक दिवस तसेच ठेवावे व पुन्हा मोजावे. ज्याचा दाब सुमारे १.२५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक राहिला तो घट आशादायक होय. ज्याचा एका दिवसात पुष्कळ उतरला तो गळका समजावा.

६. केवळ दाब पाहून भुलू नये. द्रव आटलेला घट मोकळा असता चांगला दाब दाखवितो, परंतु काम पडताच कोसळतो. म्हणून टॉर्चचा लहान दिवा जोडून, दिवा पेटलेला असताना दाब मोजावा. कामावर असतानाही जो १.२ च्या आसपास टिकतो तोच खरा.

७. निवडलेले घट इंजिनात बसवून ते किती मिनिटे जोमाने चालते ते घड्याळ लावून लिहावे, व गती उतरू लागताच थांबवावे. पुन्हा भरावे, पुन्हा चालवावे. असे तीन-चार वेळा करावे. दर खेपेस मिनिटे वाढत गेली तर घट सुधारत आहेत. मिनिटे वाढत नसतील तर प्रयत्न तेथेच सोडावा व घट बदलावे.

चौघांपैकी एक मेलेला निघाला तर त्याचा पत्ता मालेच्या एकूण दाबावरूनही लागतो. चार घटांचे ४.८ व्होल्ट अपेक्षित असता ३.६ भरले, तर नेमका १.२ चा तोटा आहे. म्हणजे तीन घट जिवंत व एक शून्य. वजाबाकीचे हे उदाहरण तिसरीच्या मुलासही सुटेल, आणि पुस्तकातील उदाहरणापेक्षा त्यास ते अधिक काळ स्मरेल.

जे कदापि करू नये

निकेल-कॅडमियम घटातील तंतू जाळण्यासाठी त्यास मोठ्या घटमालेतून क्षणभर जबर प्रवाहाचा धक्का देण्याची युक्ती काही हौशी लोक करतात. ती कधी कधी साधते, कारण सूक्ष्म तंतू खरोखर जळून जातो. परंतु फाटलेला पडदा तसाच राहतो, तंतू पुन्हा वाढतो व काही दिवसांत घट पूर्वपदावर येतो. धक्क्याने घट फुटून आतील द्रव तोंडावर उडण्याचा संभव आहे, तो निराळाच. शाळेत या युक्तीस स्थान नाही.

एकदाच वापरावयाचे साधे कोरडे घट चार्जरवर लावू नयेत. नवे व जुने, किंवा निरनिराळ्या जातींचे घट एका मालेत मिसळू नयेत. दुबळा घट उलटण्याचे ते हमखास कारण आहे.

लिथियम घटाविषयी विशेष सावधगिरी पाहिजे. हा घट फार रिता झाला तर आतील तांबे द्रवात विरघळते व पुन्हा वीज भरताना ते भलत्या ठिकाणी जमून आतल्या आत दोन्ही अग्रे जोडते. त्यातून आग लागू शकते. म्हणून फुगलेला, दबलेला किंवा वर्षानुवर्षे रिता पडलेला लिथियम घट जिवंत करण्याचा प्रयत्नच करू नये. तो सरळ बदलावा, व बदलही संरक्षक मंडल असलेल्या त्याच मापाच्या घटाने, जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा. निकेल घटाचा चार्जर लिथियम घटास कधीही जोडू नये.

घट बदलणे

बदलाचा निर्णय झाल्यावर मालेतील सर्व घट एकदम बदलावे. निकेल-कॅडमियमच्या जागी त्याच मापाचे निकेल-हायड्राइड घट चालतात, कारण दोहोंचा दाब १.२ व्होल्टच आहे. मात्र धारणशक्तीकडे लक्ष द्यावे. जुना घट ७०० चा होता व नवा २००० चा घेतला, तर तो अधिक वेळ चालेल हे खरे. परंतु जुना ७० मिलीअँपिअरचा चार्जर त्यास भरण्यास किती वेळ घेईल? २००० चे चौदा दशांश पट, म्हणजे २८००. त्यास ७० ने भागता ४० तास. रात्रभर भरून सकाळी ‘नवे घटही वाईट निघाले’ अशी तक्रार या हिशेबाच्या अभावी होते. याउलट लहान घटास मोठा चार्जर लावल्यास तो तापून बिघडतो. शाळेसाठी, जे घट वर्षभर ठेवले तरी बहुतांश वीज राखतात असे मंद गळतीचे निकेल-हायड्राइड घट घेणे उत्तम. वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर निघणाऱ्या साधनास तेच योग्य होत.

जुन्या इंजिनांत घट एकमेकांस पट्ट्यांनी जोडलेले असतात. घटाच्या टोकास थेट डाख देऊ नये. त्या उष्णतेने बूच व आतील पडदा बिघडतो. एक तर पट्ट्या आधीच जोडलेले घट घ्यावे, अथवा जागा पुरत असल्यास घटधारक बसवून त्याच्या तारांस डाख द्यावा. दुसरा मार्ग अधिक सोयीचा, कारण पुढील वेळी कोणाही शिक्षकास घट सहज काढता-घालता येतात. तारा सोडविण्यापूर्वी कोणती धन व कोणती ऋण हे कागदावर रेखाटून ठेवावे. तारा उलट लागल्यास साधे इंजिन मागे धावेल, परंतु ज्यात इलेक्ट्रॉनिक भाग आहेत ते कायमचे बिघडेल.

आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. निकेल घट जड असतात व त्यांच्या भाराने इंजिनाची चाके रुळास घट्ट धरून राहतात. हलके घट बसविल्यावर चाके जागच्या जागी घसरत असतील तर इंजिनाच्या पोटात लोखंडाचा लहान तुकडा घट्ट बसवावा. मात्र तो घटांच्या अग्रांना किंवा तारांना लागू देऊ नये. खरी इंजिने इतकी जड का बांधतात, हे मुलांस या घसरणाऱ्या चाकांवरून सुलभतेने पटते.

मेलेल्या घटांचे काय करावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. कॅडमियम हा विषारी धातू आहे. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातून कॅडमियम नदीत उतरले, नदीचे पाणी भाताच्या खाचरांत गेले, व तो तांदूळ वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना होऊ लागल्या. या रोगास तेथील भाषेत ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. त्याचे कारण कॅडमियम आहे, हे जपानच्या शासनाने १९६८ साली मान्य केले.

खाणीचे सांडपाणी आणि खेळण्यातील चार घट यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. परंतु करंजाडे हे गाढी नदीच्या सान्निध्यात आहे. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी ही नदी पनवेलच्या खाडीस मिळते. या परिसरातील भातखाचरांच्या जागी सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, माणसे वाढली, त्याबरोबर घराघरांतील घटही वाढले. प्रत्येकाने आपापले चारच टाकले तरी एकूण बेरीज लहान राहत नाही. उकिरड्यावर जाळलेल्या किंवा गंजून फुटलेल्या घटांतील धातू पावसाच्या पाण्याबरोबर शेवटी नदीकडेच जातो. आपल्या पिढीने तो भाताच्या देशात जाऊ द्यावा काय, हा विचार शाळेतच रुजला पाहिजे.

भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेले घट इतर कचऱ्यात न मिसळता वेगळे ठेवून ते गोळा करणाऱ्या किंवा त्यांवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या व्यवस्थेकडे देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. व ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. घटावर फुली मारलेल्या कचराकुंडीचे चित्र असते, त्याचा अर्थ हाच. शाळेने झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी यासाठी राखून ठेवावी. प्रत्येक घटाच्या दोन्ही टोकांस चिकटपट्टी लावून तो तिच्यात टाकावा. लिथियम घट त्यांत न मिसळता, कोरडी वाळू घातलेल्या निराळ्या भांड्यात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. बरणी भरली म्हणजे ती ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी व तशी नोंद साठा-पुस्तकात करावी.

वर्गातील उपयोग

वरील कामाचा धोकादायक भाग शिक्षकाने एकट्याने करावयाचा आहे. परंतु निरीक्षण, नोंद व हिशेब ही कामे चौथी-पाचवीच्या मुलांची आहेत. त्यासाठी तीन तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेत चालत नसलेले इंजिनच मुलांसमोर ठेवावे व ‘हे का चालत नसेल?’ असे विचारावे. मुलांची सर्व उत्तरे फळ्यावर लिहावी, एकही खोडू नये. मग एकेक कारण तपासून वगळत जावे. कारणाचा शोध कसा घ्यावा याचा हा वस्तुपाठ होय.

दुसऱ्या तासिकेत घटांच्या दाबाचा तक्ता मुलांकडून भरून घ्यावा : भरण्यापूर्वी, एक तासाने, भरल्यावर, एक दिवसाने. बेरीज, वजाबाकी व दशांश यांची उदाहरणे याच तक्त्यावरून घालावी. मेलेला घट कोणता हे शिक्षकाने न सांगता मुलांना तक्त्यावरून ओळखू द्यावे.

तिसऱ्या तासिकेत खऱ्या इंजिनाकडे वळावे. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी वाफेवर धावली व ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी सुरू झाली, हे सांगून मुलांस पुढील प्रश्न विचारावा : ‘पनवेलच्या स्थानकात विजेचे इंजिन माथ्यावरचा हात वर करून तारेस लावते व तारेतून वीज घेते. पण हात तारेस लागण्यापूर्वी इंजिनात वीज नसते. मग तो हात वर कोण करते?’ मुलांना विचार करण्यास पुरेसा वेळ द्यावा. उत्तर असे की, इंजिनाच्या पोटात घटमाला असते. बंद इंजिनातील साठलेली हवा संपली असल्यास त्या घटमालेवर एक लहान हवादाब-यंत्र चालते व त्या हवेच्या जोराने हात वर उचलला जातो. ती घटमाला निकामी झाली तर हजारो टनांची मालगाडी ओढणारे इंजिनही आपल्या कपाटातील खेळण्याप्रमाणे जागीच उभे राहील. हे कळल्यावर मुले पुढील खेपेस स्थानकात इंजिनाकडे निराळ्या दृष्टीने पाहतील.

लहान आगगाड्या दोन प्रकारच्या असतात, हेही येथे सांगावे : काही आपल्याप्रमाणे पोटात घट बाळगतात, तर काही रुळांतूनच वीज घेतात. पुण्यास सहल नेणे शक्य असल्यास कोथरूड भागात १९९८ पासून असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय मुलांस अवश्य दाखवावे.

जपणूक

इंजिन कपाटात ठेवताना कळ बंद करून घट काढून ठेवावे. निकेल-हायड्राइड घट भरून ठेवावे व दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरावे. उन्हाळी सुटीपूर्वी व दिवाळीच्या सुटीपूर्वी हे काम केल्यास सहसा विसर पडत नाही. इंजिनासोबत एक कार्ड ठेवून त्यावर घटांचा प्रकार, धारणशक्ती, बसविल्याची तारीख व शेवटचे भरण लिहावे. शिक्षकांची बदली होते, साधन मात्र शाळेतच राहते. नव्याने येणाऱ्या शिक्षकास हे कार्डच मार्गदर्शक ठरेल.

सारांश, बंद पडलेल्या इंजिनात बहुधा घटच बंद पडलेले असतात, व बंद पडलेल्या घटांतही काही केवळ रिते असतात. रिता कोणता व मेलेला कोणता हे मापनाने व धीराने ठरवावे. रित्यास भरावे, मेलेल्यास बदलावे, आणि बदललेल्यास मातीत वा पाण्यात न टाकता योग्य ठिकाणी पोहोचवावे. येत्या सत्राच्या आरंभी प्रत्येक शाळेने आपले कपाट एकदा उघडून अशा साधनांची यादी करावी. त्यांतील निम्मी जरी चालू झाली तरी नव्या खरेदीचा खर्च वाचेल, आणि कोणतीही वस्तू टाकून देण्यापूर्वी तिची परीक्षा करावी, ही सवय मुलांच्या अंगी बाणेल.